हातांना आठवणारं घर

अल्झायमर, म्हणजे हळूहळू स्मृती पुसत नेणारा मेंदूचा आजार, झालेल्या आईला केअर सेंटरमध्ये ठेवल्यावर पहिल्या आठवड्यात घरचे सगळे एकच काम करत असतात, समजावण्याचं. "आई, हे बघ, आता तू इथेच राहायचंस. ही तुझी खोली. आम्ही दर रविवारी येणार." आई मान डोलावते आणि पाच मिनिटांनी विचारते, "आपण घरी कधी निघायचं?" मुलगा पुन्हा पहिल्यापासून सांगतो, या वेळी जरा मोठ्या आवाजात. आई बावरते, मुलगा हताश होतो. परतीच्या वाटेवर सिंहगड रोडच्या गर्दीत अडकल्यावर त्याला वाटत राहतं, की आपण आईला टाकून आलो.

यात मुलाची माया कमी पडलेली नसते आणि आईचा हट्टही नसतो. त्याने सांगितलेली माहिती मेंदूच्या ज्या भागात साठायला हवी, नेमका तोच भाग अल्झायमरमध्ये सर्वांत आधी खराब होतो.

मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या रेषेत पण खोल आत, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो आणि त्याला लागूनच एंटोऱ्हायनल कॉर्टेक्स. नव्या घटना नोंदवून घ्यायचं काम यांचं. जागेचा नकाशा तयार होतो तोही इथेच. १९७१ मध्ये जॉन ओकीफ यांना उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर खोलीतल्या एका ठरावीक जागी आला की जाग्या होतात. २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना एंटोऱ्हायनल कॉर्टेक्समध्ये जागेची जणू आखीव जाळी धरणाऱ्या पेशी आढळल्या. या तिघांना २०१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. दरम्यान १९९१ मध्ये हाइको आणि एव्हा ब्राक या जर्मन शास्त्रज्ञांनी अल्झायमरमधला बिघाड मेंदूत कुठल्या क्रमाने पसरतो ते दाखवून दिलं होतं, आणि त्याची सुरुवात होते ती याच परिसरात. म्हणून तर आयुष्यभर अप्पा बळवंत चौकातून चालत घरी येणारा माणूस एक दिवस त्याच रस्त्यावर चुकतो. अशा मेंदूकडून आपण नव्या इमारतीचा, नव्या मजल्याचा, नव्या खोलीचा नकाशा पाठ होण्याची अपेक्षा करत असतो.

पण स्मरणाची सगळी भिस्त या एकाच भागावर नाही. १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या एदुआर क्लापारेद या डॉक्टरांनी एक प्रयोग नोंदवला. त्यांची रुग्ण अल्झायमरची नव्हती, पण नवीन काहीही तिच्या लक्षात राहत नसे. रोज भेटणारे डॉक्टरही तिला रोज नवे. एकदा त्यांनी तळहातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. नंतर ती हात पुढे करीना. का, ते तिला सांगता येईना, टाचणी तर आठवतच नव्हती. घटना पुसली गेली होती, तिची धास्ती उरली होती.

आनंदही असाच उरतो. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात २०१४ मध्ये अल्झायमरच्या १७ रुग्णांना आधी दुःखी आणि नंतर आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात बहुतेकांना काय पाहिलं ते नीट सांगता येईना, पण मनाची अवस्था मात्र बराच वेळ तशीच राहिली. ज्यांना कमी आठवत होतं त्यांचं दुःख तर जास्त वेळ टिकलं. "जाऊन काय उपयोग, तिला आठवत कुठे असतं" असं म्हणणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला हा निष्कर्ष सांगावासा वाटतो. भेट आठवत नसली तरी भेटीने आलेला निवांतपणा संध्याकाळपर्यंत अंगात असू शकतो. आणि रागाने ओरडलेलं वाक्य विसरलं जातं, त्याची कळ उरते.

तेव्हा नवी जागा आपलीशी करायची, तर समजावणं बाजूला ठेवून सवयी आणि भावना सांभाळणाऱ्या यंत्रणांशी बोलावं लागतं. हातांच्या सवयी मेंदूच्या गाभ्यातल्या बेसल गँग्लिया आणि मागच्या बाजूच्या लहान मेंदूच्या आधाराने चालतात. अल्झायमरमध्ये हे भाग बऱ्याच उशिरापर्यंत तग धरतात.

आंघोळीचंच बघा. पुण्यातल्या नव्या केंद्रांमधली न्हाणीघरं चकचकीत असतात. भिंतीला शॉवर, बसायला खुर्ची, धरायला दांडे, सगळं सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य. पण जिने जन्मभर कढत पाण्याला विसण घालून, पाटावर बसून, तांब्याने आधी पायांवर आणि मग खांद्यावर पाणी घेतलं, तिच्या डोक्यावर अचानक वरून धार पडली तर ती किंचाळणारच. कागदावर नोंद होते, "आंघोळीला विरोध करतात." त्याच खुर्चीत बसवून समोर बादली ठेवली, तांब्या तिच्या हातात दिला, केंद्रातल्या मावशींनी तिच्या हाताखाली आपला हात धरून पहिला तांब्या पायांवर ओतवला, की पुष्कळदा पुढचं हात आपोआप करतात. साबण कुठे, आधी काय, नंतर काय, हे तिला विचारू नका. विचारलं की उत्तर शोधायला ती जिथे जाईल तिथे आता काही सापडत नाही. हातांना मात्र सगळं ठाऊक असतं.

वाती वळण्याचंही तसंच. बोटांना जराशी राख लावायची, पिंजलेल्या कापसाची चिमूट ओढून लांब करायची आणि तळहाताने मांडीवर एक फेर द्यायचा. नातवाचं नाव न आठवणाऱ्या बायका हे काम तासभर करतात, आणि वात जाड झाली तर स्वतःच उलगडून पुन्हा वळतात. मेथी निवडणं, मटार सोलणं, टॉवेलच्या घड्या घालणं, ही सगळी त्याच जातीची कामं. (वस्तू तोंडात घालायची सवय लागली असेल तर जवळ कुणीतरी बसायला हवं.) यातला महत्त्वाचा भाग असा, की काम खरं असावं. निवडलेली मेथी स्वयंपाकघरात जावी, वाती संध्याकाळी दिव्यात लागाव्यात. मन रमवायला दिलेलं खोटं काम माणसाला कळतं, आजार असला तरी.

आता त्या प्रश्नाकडे येऊ, "घरी कधी जायचं?" फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच मांडलं होतं, की स्मृती जाताना अलीकडच्या आधी जातात आणि जुन्या मागे राहतात. त्यातही साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत घट्ट असतात, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. त्यामुळे आईला जे घर हवं असतं ते पुष्कळदा तुमचा कोथरूडचा फ्लॅट नसतोच. ते असतं सदाशिव पेठेतल्या वाड्यातलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड, चौकातला हौद आणि ओसरीवर बसलेले तिचे वडील. तो वाडा पाडून तिथे इमारत उभी राहूनही वर्षं झाली. म्हणून काही जण कासावीस होऊन आईला फ्लॅटवर घेऊन जातात आणि तिथे सोफ्यावर बसून ती पुन्हा विचारते, "घरी कधी जायचं?"

याला "हेच तुझं घर" हे उत्तर नाही, आणि "अगं, आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली" हे तर नाहीच. ते दुःख तिच्यासाठी प्रत्येक वेळी नवं असतं. तिच्याशी त्या घराबद्दल बोलावं. पाणी कुठून भरायचात, दारात कुठलं झाड होतं, वडील कचेरीतून कधी यायचे. ती बोलू लागते, आणि बोलता बोलता जिथे बसली आहे तिथेच स्थिरावते. याला फसवणूक म्हणावं का, यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहेत. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या एका वृद्धाश्रमाबाहेर बस कधीच न येणारा बसथांबा उभारला होता, घरी जायला निघालेले रुग्ण तिथे शांत बसावेत म्हणून. मला व्यक्तिशः तो थांबा पटत नाही. आठवणीत सोबत करणं आणि खोटी आशा दाखवून बसवून ठेवणं, यांत फरक आहे.

आठवणींचा हा जुना पट्टा सांभाळणाऱ्यांना माहीत असणं फार गरजेचं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तेव्हा शाळेत असलेल्या मुली आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. जुलैतल्या एखाद्या धो-धो पावसाच्या दिवशी त्यांच्यातली एखादी उठून "पाणी चढतंय, सामान वर टाका" म्हणू लागली, तर नांदेडहून किंवा बिहारमधून आलेल्या केअरटेकरला तो भ्रम वाटणार. तिला पानशेत माहीत असेल तर ती म्हणेल, "आजी, पाणी उतरलं, सगळे सुखरूप आहेत." तसंच पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं पहिल्या पाळीला गेलेले बाबा पहाटे उठून बूट शोधत असतील, तर त्यांना झोपेचं औषध देण्याआधी त्यांची नोकरी काय होती ते विचारावं.

यासाठी प्रवेशाच्या दिवशी वैद्यकीय फाइलसोबत एक साधा कागद द्या. चहा कसा लागतो, कधी उठतात, कशाची भीती वाटते, कोणाच्या नावाने चेहरा खुलतो. आणि त्यांना काय म्हणून हाक मारायची हेही लिहा. केंद्रात सरसकट सगळ्यांना 'आजी' आणि 'आजोबा' म्हणतात, त्यात प्रेमच असतं. पण जिने आयुष्यभर शाळेत शिकवलं, तिच्या मनातल्या वयात ती अजून कुणाची आजी झालेलीच नसते. 'बाई' म्हटलं की ती वळून बघते. भाषाही नोंदवा. घरात कानडी किंवा मालवणी बोलत वाढलेला माणूस आजार वाढत जातो तसा नंतर शिकलेल्या भाषेतून हळूहळू पहिल्या भाषेकडे सरकू शकतो. पाणी, दुखतंय, भूक, संडास एवढे चार-सहा शब्द त्या भाषेत लिहून भिंतीवर लावले तरी मोठं काम होतं.

खोलीत काय ठेवायचं? जुनी गोधडी, वापरातला तांब्या, देवाची तसबीर. फोटो लावताना नातवाच्या मुंजीपेक्षा त्यांच्या लग्नातला लावा. दारावरही त्यांचा तरुणपणचा फोटो असेल तर आपली खोली ओळखायला मदत होते, कारण कित्येकांना आरशातला आजचा चेहरा परका वाटतो. तो आरसा भीती दाखवत असेल तर सरळ झाकून टाका. गडद काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं, तेही उचला. बोस्टनमध्ये २००४ साली आजार खूप वाढलेल्या ९ रुग्णांना पांढऱ्याऐवजी लाल ताटल्या आणि पेले दिले, तर जेवण २५ टक्क्यांनी आणि द्रवपदार्थ ८४ टक्क्यांनी जास्त पोटात गेले. अभ्यास छोटा आहे, पण पांढऱ्या ताटलीतला दहीभात त्यांना दिसतच नसेल, हा विचार करून ताटली बदलून बघायला काहीच लागत नाही.

उजेडाची गोष्ट त्याहून पक्की आहे. नेदरलँड्समधल्या १२ केंद्रांत १८९ जणांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसभर सुमारे १००० लक्स (उजेड मोजायचं एकक) इतका लख्ख प्रकाश ठेवल्यावर बौद्धिक ऱ्हास थोडा मंदावला आणि उदासीही कमी झाली. मेंदूतलं दिवसरात्रीचं घड्याळ आजाराने क्षीण झालेलं असतं, त्याला सकाळच्या उन्हाने आधार मिळतो. केंद्र निवडताना खोलीतल्या टीव्हीपेक्षा गच्ची किंवा व्हरांडा बघा. दिवेलागणीची वेळ अनेकांना अस्वस्थ करते, म्हणून अंधारायच्या आधीच दिवे लागलेले असावेत, आणि आईला पहिल्यांदा तिथे न्यायचं ते सकाळी, खाणं झाल्यावर. संध्याकाळी तर नकोच.

नवं काही शिकताच येत नाही, असंही नाही. खोलीपासून जेवणघरापर्यंतची वाट शिकवायची असेल तर एकच वाक्य आणि एकच रस्ता ठेवायचा. "तुळशीकडून उजवीकडे." अर्ध्या मिनिटाने विचारायचं, मग एका मिनिटाने, मग दोन, मग चार. चुकलं तर लगेच बरोबर उत्तर सांगायचं, त्यांच्याकडून वदवून घ्यायचं आणि आधीच्या जमलेल्या अंतरावर परतायचं. अंदाज करायला लावायचं नाही, कारण चुकीचा अंदाजही सवयीत मुरतो. कॅमेरॉन कॅम्प या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी ही पद्धत रुळवली.

भेटून निघताना "येते हं" हा निरोप दारात लांबवू नका. जेवण किंवा भजन सुरू होत असताना, मावशी शेजारी बसलेल्या असताना निघावं. पहिले पंधरा दिवस घरच्यांनी येऊच नये असा नियम काही ठिकाणी असतो. मला तो सगळ्यांना लावण्याजोगा वाटत नाही. तुम्ही आल्यावर आई शांत होते की बिथरते, ते बघून ठरवा.

आणि एक सावधगिरी. नव्या जागी एक-दोन दिवसांत आई अचानक फार गोंधळली, गुंगीत राहू लागली किंवा मारायला धावू लागली, तर "जागा मानवली नाही" म्हणून सोडून देऊ नका. लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठता, कमी पाणी पिणं, बदललेली गोळी किंवा बॅटरी संपलेलं कानाचं यंत्र, यांतलं काहीही कारण असू शकतं आणि ते बरं होण्यासारखं असतं. शांत करण्यासाठी सायकोसिसवरची, म्हणजे भास-भ्रमांवरची, औषधं सुचवली गेली तर डॉक्टरांना कारण, मुदत आणि डोस विचारा. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला आहे. काही रुग्णांना ती लागतातही, पण लघवीची तपासणी त्याआधी झालेली असावी.