तुळजापूरचा घाट आणि कंबरेचे स्नायू

सोलापूरहून तुळजापूर साधारण 45 किलोमीटर. सपाट रस्ता सायकलवर मजेत सरतो, पण घाट लागला की अनेकांचे पाय दमायच्या आधी कंबर धरते. मग हमखास सल्ला मिळतो: 'पाठ मजबूत करा, रोज सिट-अप्स मारा.' त्यातला पहिला भाग योग्य आहे, दुसरा मला अजिबात पटत नाही.

मिनिटाला 80 वेळा पेडल फिरलं तर तासाभरात दोन्ही पायांचे मिळून 9,600 जोर होतात. प्रत्येक जोरासरशी कंबर एका बाजूला कलू पाहते. तिला सावरतात ते पोटाला आडवा वेढणारा ट्रान्सव्हर्सस, मणक्यांलगतचे मल्टिफिडस, बाजूचे तिरके स्नायू आणि नितंबांचे स्नायू. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारा हिसके देत नाही, क्षणोक्षणी थोडंथोडं सावरत राहतो. या स्नायूंचं कामही तसंच, कमी जोराचं पण न थांबणारं. म्हणून त्यांना ताकदीपेक्षा दम जास्त लागतो.

हा दम संपला की भार मणक्यांमधल्या चकत्यांवर आणि अस्थिबंधांवर, म्हणजे हाडांना हाडं जोडणाऱ्या पट्ट्यांवर येतो. बराच वेळ वाकून राहिल्यावर अस्थिबंध हळूहळू ताणले जातात आणि लगेच पूर्ववत होत नाहीत. लांबच्या राईडवरून उतरल्या उतरल्या वाकून जड पिशवी उचलू नये, ते यासाठीच.

आता सिट-अप्स. आधीच तासन्‌तास वाकलेल्या मणक्याला त्या पुन्हा पुन्हा वाकवतात. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात मणक्यावर संशोधन केलेले स्टुअर्ट मॅकगिल त्याऐवजी तीन व्यायाम सुचवतात. पहिल्यात उताणं झोपून एक गुडघा दुमडायचा, हात कंबरेखाली ठेवायचे आणि फक्त डोकं-खांदे किंचित उचलायचे. दुसरा साइड प्लँक, म्हणजे कुशीवर होऊन कोपराच्या आधारानं शरीर सरळ उचलून धरायचं. तिसऱ्यात, म्हणजे बर्ड डॉगमध्ये, हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ ताणायचा, मग उलट. प्रत्येक वेळी सुमारे 10 सेकंदच थांबायचं. दम वाढवायचा तर सेकंद वाढवू नका, आवर्तनं वाढवा. श्वास मात्र रोखू नका.

सीट जास्त उंच असेल तर पेडल गाठायला कंबर दोन्हीकडे डोलते. अशा वेळी कितीही व्यायाम करा, दुखणं परत येईल, म्हणून आधी सीट तपासा. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा पायापर्यंत उतरणारी कळ असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.