पार्श्वभूमी: कारखान्याच्या आवारातील ५जी आणि स्पेक्ट्रमचा अनिर्णित प्रश्न

भारतीय उद्योगांनी ५जी आणि एज कंप्युटिंगसाठी, म्हणजे डेटावरील प्रक्रिया दूरच्या केंद्राऐवजी वापराच्या जागेजवळच करण्यासाठी, सज्ज व्हावे, असा आग्रह सातत्याने धरला जातो. ही सज्जता नेमकी कुठे अडली आहे, हे समजून घ्यायचे तर यंत्रसामग्रीपेक्षा स्पेक्ट्रमच्या, म्हणजे बिनतारी सेवांसाठीच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांच्या, वाटपाकडे पाहावे लागते.

या विषयाचा तांत्रिक पूर्वेतिहास फार लांबचा नाही. मोबाइल जाळ्याच्या कडेलाच संगणन ठेवण्याच्या मानकांवर युरोपात २०१४ च्या अखेरीस काम सुरू झाले. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो; त्यामुळे सर्व्हर हजार किलोमीटरवर असेल, तर जाण्यायेण्यातच दहा मिलिसेकंद खर्च होतात आणि यंत्रमानवाला क्षणात थांबवण्यासारख्या कामाला तो सर्व्हर निरुपयोगी ठरतो. २०२० मध्ये पूर्ण झालेल्या ५जी मानकांच्या सोळाव्या आवृत्तीने सार्वजनिक सेवेपासून वेगळ्या जाळ्यांची तरतूद केली. जर्मनीने तर २०१९ च्या नोव्हेंबरपासूनच ३७०० ते ३८०० मेगाहर्ट्झचा पट्टा स्थानिक वापरासाठी थेट अर्जावर देण्यास सुरुवात केली होती.

भारतात हा प्रश्न २०२२ मध्ये ऐरणीवर आला. दूरसंचार नियामकाच्या (ट्राय) एप्रिलमधील शिफारशींनंतर १५ जून रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ५जी स्पेक्ट्रमच्या लिलावाला मंजुरी देतानाच उद्योगांच्या स्वतंत्र जाळ्यांचा मार्ग मोकळा केला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांत चार पर्याय होते: दूरसंचार कंपनीच्या सार्वजनिक जाळ्यातील राखीव हिस्सा घेणे, तिच्याकडून आवारात अलग जाळे उभारून घेणे, तिचा स्पेक्ट्रम भाड्याने घेणे किंवा सरकारकडून तो थेट मिळवणे. थेट स्पेक्ट्रमसाठी १०० कोटी रुपयांहून अधिक नक्त मूल्याची अट होती. परवाना शुल्क मात्र नव्हते.

वाद पेटला तो चौथ्या पर्यायावरून. लिलावात प्रचंड रक्कम मोजणाऱ्यांना बाजूला सारून इतरांना स्पेक्ट्रम देणे म्हणजे मागच्या दाराने प्रवेश देणे होय, असा दूरसंचार कंपन्यांचा आक्षेप होता. ऑगस्टमध्ये संपलेल्या लिलावातील बोली दीड लाख कोटी रुपयांवर गेली, हे पाहता त्यांची चिंता समजण्याजोगी आहे. उद्योगांचे म्हणणे मात्र अधिक मूलभूत होते: आवाराबाहेर न जाणारी, कोणालाही विकली न जाणारी सेवा ही दूरसंचार व्यवसायाची स्पर्धक कशी ठरते? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

सरकारच्या सावधपणाचे मूळ २०१२ मध्ये आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने २जीचे १२२ परवाने रद्द केले आणि लिलावाविना वाटप हा संशयाचा विषय बनला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर मत देताना, नैसर्गिक संसाधनांच्या वाटपासाठी लिलाव हा एकमेव घटनात्मक मार्ग नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. पण धोरणकर्त्यांच्या मनावर पहिल्या निकालाचीच छाप अधिक खोल राहिली. डिसेंबर २०२३ च्या दूरसंचार कायद्याने लिलाव हा नियम ठरवून अपवादांची यादी परिशिष्टात दिली. खाणी, बंदरे आणि तेलशोध यांच्या सुरक्षा व परिचालनाला त्या यादीत स्थान मिळाले. मोटारीचे सुटे भाग किंवा औषधे बनवणाऱ्या सामान्य कारखान्याचा तीत वेगळा उल्लेख नाही.

दरम्यान कारखाने थांबून राहिले नाहीत. चाकणच्या एका मोटार कारखान्यात २०२२ च्या अखेरीस दूरसंचार कंपनीच्याच साहाय्याने ५जी जाळे उभे राहिले. पुरेशा भांडवलाच्या कारखान्याला हा मार्ग परवडतो. परंतु डेटा वाहून नेणारा जाळ्याचा गाभा आवारात बसवायचा की कंपनीच्या दूरच्या केंद्रात, हे अशा व्यवस्थेत एकट्या कारखान्याच्या हाती नसते, आणि एज कंप्युटिंगचा लाभ तर नेमका त्यावरच अवलंबून असतो. थेट वाटपाआधी मागणी किती आहे याचा अभ्यास ऑगस्ट २०२२ मध्ये हाती घेण्यात आला होता. २०२५ मध्ये उद्योगांकडून पुन्हा तशीच माहिती मागवण्यात आली.