कैलासाची उघडमीट: विदर्भातून निघणाऱ्यांसाठी पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यांचा महादेव पचमढीला. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढायचा, श्रावणात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारी करायची, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्यापुढची मजल म्हणजे काशी. कैलास-मानसरोवर हे पोथीतलं ठिकाण; तिथे गावचा माणूस जाऊन परत येतो, ही गोष्ट फार उशिरा कानावर आली. आता तालुक्याच्या गावीही कैलास करून आलेलं एखादं जोडपं भेटतं आणि उन्हाळा लागला की अर्जाची विचारपूस सुरू होते. ही वाट कितीदा उघडली आणि कितीदा मिटली, ते ठाऊक असलेलं बरं. डोंगर तिथेच आहे, अडचण नेहमी दाराची झाली आहे.

कवितेत मात्र आपल्याकडून कैलासाला जाणारा रस्ता फार जुना. ‘मेघदूता’तला यक्ष रामगिरीवर दिवस काढतो आणि तो रामगिरी म्हणजे रामटेक, असं वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांनी मांडलं आहे. तिथून निघालेला ढग नर्मदा, विदिशा, उज्जयिनी, कुरुक्षेत्र, कनखल करत क्रौंचरंध्रातून कैलासाला पोचतो. सोबतीला मानसरोवराकडे निघालेले राजहंस, वाटेच्या शिदोरीला कमळाचे कोंब. हे क्रौंचरंध्र म्हणजे गढवालातली नीती खिंड, असं अनेक जण मानतात. १८१२ मध्ये विल्यम मूरक्रॉफ्ट हा ईस्ट इंडिया कंपनीचा पशुवैद्य गोसाव्याच्या वेशात याच खिंडीतून मानसरोवरापर्यंत गेला होता. त्याला पुण्य नको होतं, पश्मिन्याच्या शेळ्या आणि चांगले घोडे हवे होते.

पूर्वीची यात्राही चालायची ती व्यापाराच्याच आधाराने. कुमाऊँतले भोटिया व्यापारी उन्हाळ्यात धान्य, गूळ, कापड घेऊन लिपुलेख खिंडीपलीकडच्या तकलाकोटच्या बाजारात जात आणि लोकर, मीठ, टाकणखार घेऊन परतत. पठारावर डाकूंची भीती असे, म्हणून यात्रेकरू त्यांच्या तांड्यासोबत राहत. वर्ध्याशी जोडलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी: सेवाग्रामच्या बापूंच्या अस्थींचा काही भाग १९४८ च्या ऑगस्टमध्ये मानसरोवरात विसर्जित झाला.

तिबेट चीनच्या ताब्यात गेल्यावर या रूढीला पहिल्यांदा सरकारी कागद लागला. २९ एप्रिल १९५४ चा भारत-चीन करार आपण पंचशीलासाठी लक्षात ठेवतो, पण तो मुळात तिबेटशी होणाऱ्या व्यापाराचा आणि ये-जा करण्याचा करार होता. त्यात सहा खिंडींची नावं आहेत, लिपुलेख आणि नीतीही त्यात आल्या. यात्रेकरूला पासपोर्ट नको, सीमेवरच्या चौकीत नाव नोंदवून परवाना घ्यायचा, एवढंच. लामापंथी, हिंदू आणि बौद्ध यात्रेकरूंना रिवाजानुसार जाता येईल, असं कलम त्यात होतं. जैनांचा उल्लेख राहूनच गेला. ऋषभदेवांचं निर्वाणस्थान अष्टापद ते याच परिसरात मानतात. कारंजा लाडच्या एखाद्या श्रावकाने ते कलम वाचलं असतं तर त्याला नक्की खटकलं असतं.

कराराची मुदत आठ वर्षांची. ‘युद्धामुळे यात्रा बंद पडली’ असं सरसकट सांगतात, पण १९६२ च्या जूनमध्ये हा करारच संपला होता आणि तो पुढे वाढवला गेला नाही. युद्ध पेटलं ऑक्टोबरात. त्यानंतर जवळपास दोन दशकं भारतीय यात्रेकरूला कैलास बंदच राहिला.

१९८१ मध्ये दोन्ही सरकारांच्या बोलण्यातून लिपुलेखची वाट पुन्हा उघडली, आणि आजची यात्रा ओळखू येते ती तिथून: परराष्ट्र मंत्रालयाकडे अर्ज, सोडत, वैद्यकीय तपासणी, ठरावीक माणसांच्या तुकड्या, कुमाऊँ मंडल विकास निगमची व्यवस्था. ऑगस्ट १९९८ मध्ये मालपा इथे मध्यरात्री दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसं गेली. त्यांत साठ यात्रेकरू होते, नृत्यांगना प्रोतिमा बेदीही त्यांतच. २०१५ मध्ये सिक्कीममधल्या नथू लाची दुसरी वाट सुरू झाली. तिथे गाडीने बरंच अंतर जाता येत असल्याने वयस्कांची सोय झाली, पण २०१७ मध्ये तिथून जवळच्या डोकलाममध्ये भारत-चीन सैन्याचा तणाव उभा राहिला आणि त्या वर्षी ती वाट बंद ठेवावी लागली. २०२० मध्ये कोरोना आला, पाठोपाठ गलवान. यात्रा थेट २०२५ मध्येच परत सुरू झाली: लिपुलेखमार्गे पन्नास-पन्नास जणांच्या पाच तुकड्या आणि नथू लामार्गे दहा. देशभरातून ७५० माणसं! सोडतीत नाव न लागण्याचं कारण या आकड्यातच आहे.

नेपाळमार्गे खासगी यात्रा हा तिसरा पर्याय. त्यात सोडत नाही, पण तिथेही भरवसा कमी. २०१८ मध्ये हवामान बिघडून सिमिकोट आणि हिल्सा भागात शेकडो यात्रेकरू अडकले. जुलै २०२५ मध्ये नेपाळ-तिबेट सीमेवरचा रसुवागढीचा पूलच पुरात वाहून गेला.

शेतकऱ्याला यातलं सगळ्यात जड जातं ते वेळापत्रक. सरकारी यात्रा तीन आठवड्यांच्या आसपासची आणि ती जून ते ऑगस्टमध्येच. म्हणजे मृगाची पेरणी, मग डवरणी, मग निंदण. यक्षाच्या ढगाला आषाढात निघता येतं. ज्याचं कपाशीचं शेत आहे त्याला घरी मुलगा किंवा भाऊ खंबीर असेल तरच निघता येतं. आपल्याकडून जाणाऱ्यांत निवृत्त मास्तर आणि बँकेतली माणसं जास्त दिसतात, ते काही भक्ती कमी-अधिक असल्यामुळे नाही. खर्चही आहेच: २०२५ मध्ये लिपुलेखमार्गे पावणेदोन लाखांच्या घरात, नथू लामार्गे पावणेतीन लाखांच्या वर.

उंचीचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर आहे. मानसरोवर साडेचार हजारांच्या वर, आणि सुमारे ५२ किलोमीटरच्या परिक्रमेतली डोल्मा खिंड ५,६०० मीटरच्याही वर. तिथे हवेचा दाब आपल्या इथल्या निम्म्यावर येतो. सरकारी यात्रेत वय १८ ते ७० आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ च्या आत असावा लागतो, दिल्लीत तपासणी होते आणि लिपुलेखच्या वाटेवरच्या गुंजीला पुन्हा. २०२० मध्ये धारचुला-लिपुलेख रस्त्याचं उद्‌घाटन झालं आणि आधी पायी जायचे ते दिवस गाडीवर आले. माझ्या मते ही सोय दुधारी आहे. पायी चढताना शरीराला जी सवय आपोआप लागायची, ती आता मुक्काम वाढवूनच लावावी लागते, म्हणून गुंजीचा थांबा कुणी ‘फुकट गेलेला दिवस’ समजू नये.

विदर्भातल्या माणसाने आणखी एक तपासणी स्वतःहून करून घ्यावी, ती सिकलसेलची. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर पट्ट्यात रक्तातला हा आनुवंशिक दोष पुष्कळ आहे. एसएस पॅटर्नचा (आई-बाप दोघांकडून दोष आलेला) माणूस आजारी असल्याने त्याला ठाऊक असतं. एएस पॅटर्नवाला (एकाकडूनच दोष आलेला, म्हणजे वाहक) आयुष्यभर धडधाकट वावरतो, पण विरळ हवेत त्याच्याही प्लीहेचा रक्तपुरवठा तुटून पोटात डावीकडे जीवघेणी कळ उठल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. गावच्या आरोग्य केंद्रात साधी चाचणी होते.

२०२६ हे तिबेटी पंचांगातलं अश्ववर्ष. बारा वर्षांनी येणाऱ्या या वर्षात एका परिक्रमेचं पुण्य अनेक पटींनी मिळतं, अशी तिकडची श्रद्धा असल्याने परिक्रमेच्या वाटेवर गर्दी राहणार. सोडतीत नाव लागलं नाही, तर आदि कैलास आणि ओम पर्वत भारताच्याच हद्दीत आहेत. तिथे व्हिसा नाही, धारचुल्याहून इनर लाइन परवाना काढावा लागतो. २०२४ पासून जुन्या लिपुलेखजवळच्या एका जागेवरून आपल्या हद्दीतूनच खुद्द कैलासाचं लांबून दर्शनही होऊ लागलं आहे. आदि कैलासचा दुसरा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. पोळा झालेला असतो आणि सोयाबीनची सोंगणी सुरू व्हायला थोडे दिवस असतात, तेवढ्यात जाऊन येणं जमतं.