कॉफीच्या कपातलं रसायनशास्त्र : थोडी पार्श्वभूमी

कॅफीनची कथा सुरू होते मांजराच्या डोळ्यापासून. बेलाडोना या विषारी वनस्पतीचा अर्क डोळ्यात घातला की बाहुली विस्फारते. 1819 साली फ्रीडलिब रुंगे या तरुण जर्मन रसायनज्ञाने येना इथे कवी ग्योटेला हे मांजरावर करून दाखवलं. खूश झालेल्या ग्योटेने त्याला कॉफीच्या बिया दिल्या आणि यांचंही पृथक्करण करून पाहा म्हणून सुचवलं. रुंगेने त्यातून पांढरे, कडू स्फटिक वेगळे केले; तेच कॅफीन. कॉफी हे शेकडो पदार्थांचं मिश्रण, तर कॅफीन हे एकच संयुग. मिश्रण आणि संयुग यांतला फरक समजवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

पुढचा भाग माझ्या विशेष आवडीचा. 1827 मध्ये चहातून असाच एक पदार्थ मिळाला आणि त्याचं ‘थेइन’ असं बारसंही झालं. चहाचा तो थेइन, कॉफीचं ते कॅफीन, असं अकरा वर्षं चाललं. 1838 मध्ये मुल्डर आणि योब्स्ट या रसायनज्ञांनी दाखवून दिलं की दोन्ही एकच आहेत. पदार्थाची ओळख त्याच्या घटकांवरून आणि रचनेवरून ठरते, तो कुठल्या झाडावर सापडला यावरून नाही. ‘चहातलं कॅफीन वेगळं असतं’ असं आजही ऐकू येतं, तेव्हा हे 1838 साल हटकून आठवतं.

कॅफीनमधल्या अणूंचं सर्वांत साधं प्रमाण कार्बन 4, हायड्रोजन 5, नायट्रोजन 2, ऑक्सिजन 1 असं आहे. प्रत्यक्ष रेणूत मात्र हे सगळे आकडे दुप्पट : 8, 10, 4 आणि 2. पण नुसत्या मोजदादीतून अणू एकमेकांना कसे जोडलेले आहेत ते कळत नाही. ते कोडं जर्मन रसायनज्ञ एमिल फिशरने 1890 च्या दशकात सोडवलं आणि कॅफीन प्रयोगशाळेत तयारही केलं. प्युरीन वर्गातली संयुगं (कॅफीन याच वर्गातलं) आणि शर्करा यांवरच्या कामासाठी त्याला 1902 चं नोबेल मिळालं.

मग लोकांना कॉफीतलं कॅफीन नकोसंही झालं! ते बियांतून काढायला विद्राव्यता, म्हणजे पदार्थ कशात किती विरघळतो हा गुणधर्म, कामी येते. 100 मिलिलिटर पाण्यात साध्या तापमानाला जेमतेम 2 ग्रॅम कॅफीन विरघळतं, उकळत्या पाण्यात सुमारे 66 ग्रॅम. पण गरम पाण्यासोबत चवीचे पदार्थही निघून जातात, म्हणून कॅफीन तेवढं उचलणारा द्रावक हवा. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियस या कॉफी व्यापाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेंझीन वापरलं. बेंझीन कर्करोगकारक असल्याने ती पद्धत पुढे सोडून द्यावी लागली. 1960 च्या दशकात जर्मनीतच कुर्ट झोझेल या रसायनज्ञाला कार्बन डायऑक्साइडचा मार्ग सापडला. 31 अंश सेल्सिअसच्या वर आणि हवेच्या सुमारे 73 पट दाबाखाली हा वायू द्रवासारखा विरघळवतो, पण वायूसारखा बियांच्या आत शिरतो. दाब काढला की तो उडून जातो आणि कॅफीन मागे उरतं.