मॅक्रो फोटोग्राफी (हौशी)

जवळून काढलेला प्रत्येक फोटो मॅक्रो नसतो. सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपवर) पडणारी प्रतिमा मूळ वस्तूएवढीच, म्हणजे १:१ असली किंवा त्याहून मोठी असली तरच तो खरा मॅक्रो, बाकी सगळं क्लोजअप. तपासायचं असेल तर साधी फूटपट्टी घ्या आणि लेन्स जितकी जवळ फोकस होते तितक्या जवळून तिचा फोटो काढा. एपीएस-सी (छोट्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात फ्रेमच्या रुंदीभर साधारण साडेतेवीस मिलिमीटर (कॅननमध्ये थोडे कमी) आणि फुलफ्रेममध्ये (जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात) ३६ मिलिमीटर दिसले तर १:१ झालं. किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या झूम लेन्सवर) 'मॅक्रो' लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, झूम लेन्सवरचा तो शब्द बहुतेक वेळा १:३ किंवा १:४ वरच दमतो. मराठीत याला कुणी 'सूक्ष्मछायाचित्रण' म्हणतं, पण तो शब्द मायक्रोस्कोपमधून काढलेल्या फोटोला जास्त शोभतो आणि कीडे टिपत हिंडणारे लोक आपसात मॅक्रोच म्हणतात.

नावाचा घोळ कंपन्यांनीही घातलाय. निकॉन आपल्या मॅक्रो लेन्सना मायक्रो म्हणते, आणि त्यामागची गोष्ट भारी आहे. जपानमध्ये कागदपत्रं मायक्रोफिल्मवर घ्यायची होती, पण रोमन अक्षरांना चालून जाणाऱ्या लेन्समधून कांजी या जपानी चित्रलिपीच्या बारीक रेघा एकमेकीत मिसळायच्या, म्हणून १९५६ साली मायक्रो-निक्कोर आली, थोडक्यात ती लिपीसाठी बनली, मुंग्यांसाठी नाही. त्याच्या आदल्याच वर्षी युरोपात हाइन्झ किलफिट यांची ४० मिलिमीटर फोकल लेंग्थची (लेन्सवरचा हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) माक्रो-किलार आली होती, एसएलआरसाठीची (लेन्समधूनच आरशाने दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यासाठीची) पहिली मॅक्रो लेन्स म्हणून तिचं नाव घेतात. पुढे टॅमरॉनची ९० मिलिमीटर १९७९ ला आली, आणि १९९९ ला कॅननची एमपी-ई ६५, जी १:१ ते ५:१ एवढंच काम करते, तिच्यातून लांबचा डोंगर काय, समोरची भिंतसुद्धा फोकस होत नाही. घेणाऱ्याने हे माहीत असूनच घ्यावी.

आता कुठली घ्यायची. ६० मिलिमीटर स्वस्त आणि हलकी, पण १:१ ला कीडा लेन्सच्या तोंडाशी येतो आणि लेन्सची सावली त्याच्यावर पडते. ९० ते १०५ मध्ये लेन्सच्या पुढे तेरा-चौदा सेंटिमीटर जागा उरते, तेवढ्यात फुलपाखरू बसून राहतं आणि फ्लॅशलाही जागा मिळते, म्हणून बहुतेकांची गाडी इथेच येऊन थांबते. १५० च्या पुढे वजन आणि किंमत दोन्ही अंगावर येतात.

पण खरं सांगायचं तर सुरुवातीला मॅक्रो लेन्स लागतच नाही. एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे बॉडी आणि लेन्सच्या मधे बसणारी पोकळ नळी, आत काच नाही काही नाही, नुसती हवा. हिशोब सोपा आहे, नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे ५० च्या लेन्सला ५० मिलिमीटर नळ्या लावल्या की १:१. १२, २० आणि ३६ असा तिघींचा सेट मिळतो, फक्त इलेक्ट्रिक कॉन्टॅक्टवाला घ्या, नाहीतर अपर्चर (लेन्समधलं पात्यांनी लहानमोठं होणारं छिद्र) हातात राहत नाही. दुसरा मार्ग रेनॉक्स डीसीआर-२५०, समोर चिमट्यासारखी बसणारी ८ डायॉप्टरची (हे भिंगाच्या ताकदीचं माप) भिंग. हिची फोकल लेंग्थ १२५ मिलिमीटर, त्यामुळे ५५-२५० झूमला २५० वर लावली की २५० भागिले १२५, सरळ २:१. +१, +२, +४, +१० वाले स्वस्त फिल्टरचे सेट मात्र मी कुणाला सुचवत नाही, साधी एकेरी काच असते आणि कडांना जांभळी झालर येते.

सगळ्यात जुगाडू प्रकार म्हणजे लेन्स उलटी लावणं. रिव्हर्स रिंग घ्यायची आणि लेन्सचं तोंड बॉडीकडे करून बसवायची. कॅननमध्ये एक युक्ती चालते: लेन्स सरळ लावून अपर्चर एफ ८ ठेवा (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), डेप्थ ऑफ फील्डचं (पाती आधीच मिटवून दाखवणारं) बटण दाबून धरा आणि तसंच दाबलेलं असताना लेन्स काढा, पाती तिथेच अडकून राहतात. निकॉनच्या अपर्चर रिंग (छिद्र हाताने बदलायची कडी) नसलेल्या लेन्स काढल्या की पाती पूर्ण मिटतात, तिथे मागच्या छोट्या लिव्हरला पुठ्ठ्याचा तुकडा लावून अडवतात. म्हणूनच अपर्चर रिंगवाल्या जुन्या फिल्मच्या ५० मिलिमीटर लेन्सना सेकंडहँडमध्ये अजून गिऱ्हाईक आहे, मुंबईत फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत विचारत फिरणारे दिसतात. उलट्या लेन्सची मागची काच उघडी राहते, गवतात गुडघे टेकताना तेवढं लक्षात ठेवा.

एवढं करून फोटो येतो का? येतो, पण काळा आणि हललेला. १:१ ला एफ ८ प्रत्यक्षात एफ १६ सारखा वागतो, दोन स्टॉप उजेड गेला, म्हणजे चौथा हिस्साच उरला. फुलफ्रेमवर एफ ८ ला फोकसमधली जाडी जेमतेम १ मिलिमीटर, २:१ ला तर एक तृतीयांशच उरते. मग माणूस एफ २२ करतो आणि डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने) अख्खा फोटो मऊ पडतो. उपाय एकच, फ्लॅश, आणि फ्लॅशपुढे डिफ्युजर, म्हणजे उजेड पसरवणारा पडदा. चिप्सचा डबा कापून आत फॉइल आणि तोंडाला ट्रेसिंग पेपर लावला तरी काम होतं. तो कीड्याच्या तुलनेत मोठा आणि जितका जवळ तितका उजेड मऊ, मुंगळ्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग पडत नाही. फोकस रिंग फिरवत बसायचं नाही, मॅग्निफिकेशन ठरवून ठेवायचं आणि स्वतः श्वास रोखून मिलिमीटर-मिलिमीटर पुढेमागे डुलायचं, डोळा शार्प दिसला की क्लिक. स्थिर विषय असेल तर वीस-तीस फ्रेम घेऊन हेलिकॉन किंवा झेरीन या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅकिंग करतात, म्हणजे प्रत्येक फ्रेममधला शार्प भाग जोडून एक फोटो करतात. त्यासाठी कीडा फ्रीजरमध्ये ठेवून सुस्त करणारे लोक आहेत, त्यांना फोटोग्राफर म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आपल्याकडे मॅक्रोचा सीझन म्हणजे पावसाळा. आंबोलीत रात्री टॉर्च घेऊन फिरणारे, साताऱ्याजवळच्या कासवर सप्टेंबरात सीतेची आसवं ही फुलं आणि दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती टिपायला येणारे. या दवबिंदूच्या पानांच्या केसांवरचा चिकट थेंब मिलिमीटरपेक्षाही लहान, आणि त्याच्यात उलटं आभाळ दिसतं. तो टिपायच्या नादात पोटावर झोपून शेजारची पन्नास फुलं चिरडणारेही तिथेच भेटतात.

आणि पावसाळ्यातच लेन्सला फंगस लागते. माझी एक जुनी ५५ मिलिमीटर चामड्याच्या केसमध्ये, कपाटात, जून ते ऑक्टोबर तशीच राहिली. दिवाळीत टॉर्च मारून बघितलं तर आत कोळिष्टकासारखी जाळी. साफ करून मिळाली पण कोटिंगवर ठसे राहिलेच. ड्राय कॅबिनेट नको असेल तर रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. निळी जेल गुलाबी झाली की मंद आचेवर जुन्या तव्यात परतून परत निळी करून घ्यायची, स्वयंपाकाचा तवा वापरू नका, घरात भांडण होतं.

शेवटचा खर्च प्रिंटिंगचा, आणि बरेच जण इथवर येतच नाहीत. A४ ला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) साधारण पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात, त्यामुळे कॅमेरा कमी पडत नाही, कमी पडतो तो फोकस. एपीएस-सीवर १:१ ला काढलेला ६ मिलिमीटरचा जंपिंग स्पायडर A४ वर साडेसात सेंटिमीटर होतो, आणि फोनवर शार्प वाटलेल्या फोटोत डोळ्यांऐवजी पाय फोकसमध्ये आहेत हे तेव्हा कळतं. कॅननच्या सेल्फी (Selphy) मालिकेसारखे डाय-सब (उष्णतेने रंग कागदावर उतरवणारे) प्रिंटर पोस्टकार्ड साईजला मस्त, कागद चार वेळा आतबाहेर करतो, पिवळा, मॅजेंटा, सायन आणि वर संरक्षक थर. A४ साठी सहा रंगांचा टाकीवाला इंकजेट घ्या, चार रंगांच्यात फिकट छटा दाणेदार येतात. प्रिंट काळपट आली तर आधी मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवा, दहातल्या आठ वेळा दोष तिथेच असतो. कागदाचा आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाईल) लावा. आणि आठवड्यातून एक रंगीत पान छापाच, महिनाभर बंद ठेवलेल्या प्रिंटरचं हेड सुकतं आणि मग हेड क्लीनिंगमध्ये जेवढी शाई जाते तेवढ्यात पाच-सहा फोटो सहज झाले असते. छापलेली प्रिंट लगेच फ्रेमच्या काचेत घालू नका, एक दिवस उघडी सुकू द्या, नाहीतर काचेवर आतून धुकं धरतं.