शेपटीच्या जागी पाय

टॅडपोलची, म्हणजे बेडकाच्या पाण्यातल्या शेपटीवाल्या पिल्लाची, शेपटी कापली तर ती पुन्हा वाढते. पण भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठात प्रियंवदा मोहंती-हेजमाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्बल्ड बलून फ्रॉग या बेडकाचे टॅडपोल शेपटी कापल्यावर अ जीवनसत्त्व घातलेल्या पाण्यात ठेवले, तेव्हा काही टॅडपोलना कापल्या जागी चक्क पाय फुटले. नेहमीचे मागचे पाय होतेच, हे जादा! १९९२ मध्ये हे संशोधन 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापून आलं. दुसऱ्या वर्षी लंडनच्या माल्कम मेडन यांनी युरोपातल्या साध्या बेडकातही तेच घडवून दाखवलं.

शेपटीतून डोळा किंवा कल्ला का नाही आला, पायच का? उगवणाऱ्या प्रत्येक पेशीला स्वतःचा पत्ता ठाऊक असावा लागतो. अ जीवनसत्त्वापासून शरीरात रेटिनॉइक आम्ल बनतं. ते पेशीकेंद्रकातल्या ग्राही प्रथिनांना चिकटून जनुकं चालू-बंद करतं आणि तो पत्ताच बदलून टाकतं. शेपटीतल्या पेशी स्वतःला धडातल्या समजू लागतात. बेडकाचे मागचे पाय धड आणि शेपटी यांच्या सीमेवरच फुटतात, त्यामुळे पाय येणं ओघानंच आलं, असं याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

याचा सुगावा आधीच लागला होता, तोही भारतातच. १९७८ मध्ये राजस्थान विद्यापीठातल्या नियाझी आणि सक्सेना यांनी भेकाच्या (खरखरीत कातडीच्या बेडकाच्या) टॅडपोलचे पाय कापून त्यांना जादा अ जीवनसत्त्व दिलं. नवे पाय वेडेवाकडे वाढले. या शोधनिबंधाचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, याचं वाईट वाटतं. १९८२ मध्ये मेडन यांनी मेक्सिकोच्या अ‍ॅक्सोलॉटल या सॅलॅमँडरवर (बेडकाच्याच उभयचर वर्गातल्या शेपटीवाल्या प्राण्यावर) तो धागा पुढे नेला. एरवी या प्राण्याचा पंजा मनगटापासून कापला, तर तेवढाच पंजा परत येतो. जीवनसत्त्वाचा डोस वाढवत नेल्यावर मात्र मनगटातून आधी पुढचा हात (कोपर ते मनगट), मग दंडासकट अख्खा हात उगवला. म्हणजे दंड, पुढचा हात, त्यापुढे परत दंड, परत पुढचा हात आणि शेवटी पंजा!

मग बाहेरून काही न देता खांदा आणि पंजा यांतला फरक पेशींना कसा कळतो? बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या जेम्स मोनाहन यांच्या गटाने २०२५ मध्ये याचं उत्तर मांडलं. रेटिनॉइक आम्ल मोडणारं एक विकर (एन्झाइम) पंजाकडे जास्त असतं, खांद्याकडे कमी. म्हणून आम्ल खांद्याकडे टिकतं. हे विकर औषधाने अडवलं, की मनगटातूनही वरचा हात उगवू लागतो.

माणसाने मात्र हे वाचून अ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या मागे लागू नये. आपल्या कापलेल्या हाताच्या टोकाला टॅडपोल-अ‍ॅक्सोलॉटलसारखा नव्या पेशींचा कोंब मुळात फुटतच नाही, त्यामुळे पत्ता बदलायला तिथे कुणी नसतं. उलट गर्भाच्या वाढत्या पेशी याच रसायनाचं ऐकतात. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन हे औषध त्याच कुळातलं. गरोदरपणात ते घेतलं तर बाळाचे कान, चेहरा, हृदय आणि मेंदू यांत गंभीर व्यंग येऊ शकतं, आणि म्हणूनच ते सुरू करण्याआधी स्त्रियांची गर्भधारणा चाचणी करायला सांगतात.