टेक्सासची वीज पवनचक्क्यांमुळे गेली नव्हती

फेब्रुवारी 2021 मधील हिमवादळात टेक्सासमधील लाखो घरे अंधारात गेली, तेव्हा गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी फॉक्स न्यूजवर पवन व सौर ऊर्जेला दोष दिला आणि हेलिकॉप्टरने बर्फ काढला जात असलेल्या पवनचक्कीचे छायाचित्र पुरावा म्हणून फिरू लागले; ते छायाचित्र मुळात स्वीडनमधील आणि जुने होते. काही पवनचक्क्या गोठल्या, हे खरेच. परंतु संघीय नियामकांच्या चौकशीत अचानक बंद पडलेल्या वीजसंचांपैकी 58 टक्के नैसर्गिक वायूवर चालणारे निघाले. थंडीपासून उपकरणांचे संरक्षण करा, असे 2011 च्या वीजसंकटानंतरच सांगितले गेले होते. राज्याने 246 मृत्यूंची नोंद केली. लोक गारठत असताना दूरचित्रवाणीवर खोटा आरोपी उभा केला जावा, हे मला अक्षम्य वाटते. वीज उपकरणांचे थंडीपासून संरक्षण सक्तीचे करणारा कायदा जून 2021 मध्ये झाला.